मठाच्या छोट्या कॉलेजात पोरांची आणि पोरींची व्हॉलीबॉल टीम कशी उभी करायची

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात मठाची, ट्रस्टची नाहीतर चर्चची छोटी छोटी कॉलेजं आहेत, मैदान म्हणजे मागची मोकळी जागा, तिथं व्हॉलीबॉल बरोबर बसतो कारण खर्च कमी. फक्त "आधी पोरांची टीम करू, पोरींचं पुढच्या वर्षी बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, ते पुढचं वर्ष काही येत नाही बघा. दोन्ही टीम एकाच दिवशी सुरू करा.

कमिटीतलं कुणी म्हणालंच की धार्मिक संस्थेत हे खेळबिळ कशाला, तर सांगायचं की हा खेळच 1895 मध्ये अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेत विल्यम मॉर्गन यांनी काढलाय, बास्केटबॉलपेक्षा धक्काबुक्की कमी असावी म्हणून. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

कोर्ट 18 बाय 9 मीटर, चारी बाजूंनी 3 मीटर मोकळं धरलं की 24 बाय 15 जागा लागते. काळी माती असली तर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून वरचा थर काढून मुरूम टाका, पाणी मारा, रोलर फिरवा आणि खडे पोरांनाच वेचायला लावा. खानापूरकडं पावसाळ्यात मैदान विसराच, तेवढे महिने व्हरांड्यात भिंतीवर पासिंग करून घ्या.

नेटचं जरा नीट ऐका, इथंच सगळे गंडतात. पोरांना उंची 2.43 मीटर, पोरींना 2.24, म्हणून वेल्डरकडून खांबाला दोन्ही उंचीचे हुक मारून घ्या म्हणजे दोन मिनिटांत बदलतं. पण माप खांबाजवळ घ्यायचं नसतं, कोर्टाच्या मधोमध घ्यायचं, तार ढिली असली की मध्ये झोळ पडतो आणि पोरं खुशाल स्मॅश मारत सुटतात, मग बाहेर मॅचला गेल्यावर प्रत्येक बॉल नेटमध्ये. एका बांबूवर दोन खुणा करून ठेवा आणि रोज मधे उभा करून बघा, साईडलाईनवर नेट त्यापेक्षा फार तर 2 सेंटीमीटर वर चालतं.

टायमिंग पोरींचं आधी ठेवा, चारला, कारण त्यांना गावची बस गाठायची असते, पोरं नंतर खेळतील की. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं राज्यातल्या राज्यात साध्या बसला पोरींना तिकीट नाही, त्यामुळं बेळगावला मॅचला न्यायचा खर्च जवळजवळ पोरांचाच. सोबत एक मॅडम हव्यातच, आणि घरच्यांना एकदा बोलावून प्रॅक्टिस दाखवा, ट्रॅकपँटवरून होणारी निम्मी कुरकुर तिथंच मिटते.

पोरं बरीचशी गावाकडं शूटिंग, म्हणजे जागा न बदलता खेळायचा व्हॉलीबॉल, खेळून आलेली असतात, हात दणकट, पण नेटमन (नेटजवळ उभा राहणारा) तो नेटमनच, जागा बदलायची सवय नाही, म्हणून पहिल्यांदा रोटेशन आणि बोटांनी पास एवढंच घ्या. पोरी खोखो, कबड्डीतून येतात, पाय भारी चालतात पण बॉल मनगटावर घ्यायला बिचकतात कारण सुरुवातीला हात लालभडक होतात, तर थोडे दिवस बॉलमध्ये हवा कमी ठेवा आणि सर्व्हिस खालूनच मारू द्या. टीममध्ये मराठी कन्नड दोन्ही पोरं असणार, बॉल कुणाचा हे ओरडायचा कॉल एकच ठरवून टाका, नाहीतर दोघांच्या मधे पडतोय बॉल.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका, मठात दासोह, म्हणजे सगळ्यांना फुकट जेवण, असला तर प्रॅक्टिसनंतर तिथंच जेवू दे, फक्त स्वयंपाक्याला सांगून मोडाची उसळ आणि दही वाढवून घ्या. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेला एन्ट्री पाठवायच्या आधी त्या वर्षीचं परिपत्रक वाचा, मार्क्सकार्ड, फी पावती, ओळखपत्र प्रत्येकाचं फाईलमध्ये तयार पाहिजे, एका कागदापायी चांगला सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, बाहेर बसतो.

आणि अमावस्येला मठात गर्दी असते, आदल्या दिवशीच नेट काढून आत ठेवा, नाहीतर कोणतरी त्यावर धोतर वाळत घालतंय.