गव्हात तणनाशक फवारताना आधी वारा पाहा

माळव्यात नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला गहू आता ३०-३५ दिवसांचा झाला आहे. रुंद पानांच्या तणांवर २,४-डी फवारायची हीच वेळ. पण इंदूर, सांवेर, देपालपूरकडे गव्हाच्या बांधालगत हरभरा असतो, आणि या औषधाचे थोडे तुषार उडाले तरी त्याचे शेंडे वाकडे होतात, पाने पिळवटतात. शेजाऱ्याचा हंगाम आपल्या पंपाने जाऊ नये, म्हणून मात्रेइतकेच वाऱ्याकडे लक्ष हवे.

पहाटे पानही हलत नाही, म्हणून अनेक जण उजाडताच पंप पाठीला लावतात. ही वेळ टाळा. थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची गार हवा खाली बसून राहते आणि उबदार हवा वर असते. फवाऱ्याचे बारीक थेंब त्या गार थरात तरंगत दूरच्या शेतात जाऊन उतरतात. उदबत्तीचा धूर वर न जाता आडवा पसरून रेंगाळत असेल, तर फवारणी थांबवा.

खाली हवा निवांत असली, तरी वर तशी असेलच असे नाही. पवनचक्क्यांसाठी वारा मोजताना वापरतात त्या लायडार यंत्रात हे स्पष्ट दिसते. जमिनीवर ठेवलेले हे यंत्र डोळ्यांना न दिसणारे लेसर किरण वर सोडते. हवेतल्या धुळीवरून त्यातला थोडा प्रकाश परततो. धूळ वाऱ्याबरोबर सरकत असल्याने, जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर चढा ऐकू येतो तशी, परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारिता किंचित बदलते. त्यावरून मनोरा न उभारता साधारण ४० ते २०० मीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवरचा वेग कळतो. निरभ्र रात्री जमिनीवर शांतता आणि शंभर मीटरवर जोराचा वारा, असे चित्र त्यात अनेकदा दिसते. ऊन चढले की हवा ढवळली जाते आणि तो वेग खाली येतो. सकाळी उशिरा एकदम सुटणारा वारा बहुतेक वेळा हाच असतो. युरोपच्या एओलस उपग्रहाने २०१८ ते २०२३ या काळात लेसरनेच अवकाशातून वारा मोजला, आणि त्या नोंदींनी हवामानाचे अंदाज सुधारले.

शेतकऱ्याने लायडार घ्यायची गरज नाही. हवामान खात्याच्या शेतीसल्ला देणाऱ्या मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या सल्ल्यात वाऱ्याचा वेग व दिशा पाहा. हवामान खाते वारा दहा मीटर उंचीवर मोजते, पिकाजवळ तो कमी असतो, त्यामुळे शेतात उभे राहून खात्री करा. दव सुकल्यावर, वारा ताशी ३ ते १५ किलोमीटर असताना फवारा. गालाला वारा जाणवतो, पाने सळसळतात, तेवढा पुरे. डहाळ्या सतत हलू लागल्या की पंप खाली ठेवा, राहिलेले दुसऱ्या दिवशी करा. वारा हरभऱ्याकडे वाहत असेल तर बांधाकडच्या ओळी सोडाच. फ्लॅट फॅन (पंख्यासारखा चपटा फवारा देणारे) नोझल वापरा, दाब कमी ठेवा.

फेब्रुवारीत दाणे भरताना जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल, तर गव्हाला पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत मुळांची पकड सुटते आणि जड ओंब्यांचे पीक आडवे होते. पाणी द्यायचेच झाले तर वारा पडल्यावर, संध्याकाळी द्या.