घरातील विद्युतदाबावर लक्ष कसे ठेवावे

विद्युतदाब एकदाच मोजून फारसे काही कळत नाही; तो केव्हा आणि कशामुळे हलतो, हे टिपावे लागते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात दहा टक्के कमी-अधिक, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट, हा पल्ला सर्वसाधारणपणे चालण्याजोगा मानतात.

कमाल व किमान आकडा जपून ठेवणारा, सॉकेटमध्ये लावून ठेवायचा मीटर या कामाला सर्वांत सोयीचा. मल्टिमीटरच वापरायचा असेल, तर तो ट्रू आरएमएस (विजेची लहर वेडीवाकडी असली तरी दाब अचूक दाखवणारा) आणि किमान ‘कॅट ३’ या सुरक्षा दर्जाचा (इमारतीच्या स्थिर वीजजोडणीवर वापरण्याजोगा) असावा. लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहिलेली नाही, हे प्रोब लावण्यापूर्वी पाहावे, कारण तशीच राहिल्यास मीटरमधूनच शॉर्टसर्किट होते.

आठवडाभर पहाटे, दुपारी आणि रात्री नोंद करावी व त्या वेळी कोणती उपकरणे चालू होती, तेही लिहावे. हा रकाना गाळला, तर बाकीच्या आकड्यांचा उपयोग निम्माच उरतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना दाब क्षणभर खाली येतो, त्याची चिंता नको.

खरी पारख भाराखाली होते. समजा, सॉकेटवर २३१ व्होल्ट आहेत आणि त्याच सर्किटवर दोन हजार वॅटचा हीटर लावताच आकडा २२४ वर आला. सात व्होल्टची घट किरकोळ वाटते. परंतु साडेआठ अँपिअरच्या प्रवाहाशी तिचा गुणाकार केल्यास सुमारे ६० वॅट उष्णता वाटेतच निर्माण होत असल्याचे दिसते. ती लांबलचक वायरमध्ये विखुरली तर निभावते. एखाद्या सैल स्क्रूपाशी एकवटली, तर तिथले प्लॅस्टिक करपते. आता हीटर चालू ठेवूनच दुसऱ्या सर्किटच्या सॉकेटवर मोजावे. तिथेही तेवढीच घट असेल, तर दोष मेन स्विचकडे किंवा त्यामागच्या पुरवठ्यात आहे. तिथे दाब टिकून असेल, तर पहिल्या सर्किटची जोडणी वायरमनकडून तपासून घ्यावी.

एक लक्षण मात्र आठवडाभर टिपत बसण्याचे नव्हे. जड उपकरण लावल्यावर काही दिवे मंद होण्याऐवजी अधिक प्रखर झाले, तर पुरवठ्याचा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) सुटत असल्याचा दाट संशय घ्यावा. अशा वेळी २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. म्हणून मेन स्विच तत्काळ बंद करून वीजपुरवठादाराला कळवावे आणि न्यूट्रल तपासून होईपर्यंत तो पुन्हा चालू करू नये.