हिच रॅकवर स्टॅण्ड-अप जेटस्की : आधी गणित, मग पट्टे

अमेरिकेत अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला ट्रेलर ठेवायला जागा नसते, म्हणून एसयूव्हीच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडणीवर, मोटरसायकलचा रॅक लावून स्टॅण्ड-अप, म्हणजे उभं राहून चालवायची जेटस्की न्यायची कल्पना पुढे येते. काही गाड्यांना आणि काही जेटस्कींना हे जमतं, बऱ्याच जोड्यांना जमत नाही. कुठली जोडी जमेल ते रॅक विकत घेण्याआधी कागदावर कळतं.

पहिला आकडा वजनाचा. यामाहाची जुनी, ७०१ सीसी टू-स्ट्रोक सुपरजेट कोरडी सुमारे १३९ किलो भरते. टाकी १८ लिटरची, म्हणजे पूर्ण भरली तर आणखी १३ किलो. हलमध्ये, म्हणजे जेटस्कीच्या पोकळ धडात, साचलेलं पाणी नजरेला दिसत नाही, तरी त्याचे तीन-चार किलो धरा. पोलादी रॅक ३० ते ३५ किलोचा. बेरीज जाते १९० किलोवर, म्हणजे जवळपास ४२० पौंड. २०२१ पासूनची फोर-स्ट्रोक सुपरजेट कोरडीच १७० किलो आहे. तिची बेरीज २२० च्या पुढे, ४८५ पौंडांच्या आसपास. कावासाकीची १५०० सीसी एसएक्स-आर २५० किलोची. ती हिच रॅकवर चढवायचा विचार सोडून द्या.

आता गाडीच्या बाजूने बघा. टोइंग, म्हणजे ओढायची क्षमता, ५,००० पौंड असं लिहिलं असेल तर हिचवर उभा भार साधारण ५०० पौंडच चालतो. आपल्याला लागतो तो हा दुसरा आकडा. तो ट्रेलरचा भार हिचच्या पिनेजवळ पडतो असं धरून काढलेला असतो. रॅकवरचं वजन मात्र पिनेपासून दीड-दोन फूट मागे लोंबतं आणि प्रत्येक खड्ड्यात रिसीव्हर, म्हणजे रॅक ज्यात खोचतात ती हिचची चौकोनी नळी, पिळतं. म्हणून ५०० पैकी ४८५ म्हणजे बसतंय असं समजू नका. निदान पंधरा-वीस टक्के हात राखून ठेवा. मॅन्युअलमध्ये रॅकसाठी वेगळी, कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. सव्वा इंची रिसीव्हर या कामाचा नाही, दोन इंचीच हवा. हिच एक्सटेन्डर, म्हणजे रिसीव्हर मागे लांबवणारा तुकडा, तर लावूच नका, त्याने क्षमता साधारण निम्म्यावर येते.

तरफेचा हिशेबही करून बघा. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २.८ मीटर आणि जेटस्कीचा मध्य मागच्या आसापासून १.७ मीटर मागे असेल, तर १९० किलोमुळे पुढच्या आसावरचे ११५ किलो उचलले जातात आणि मागच्यावर ३०५ किलो वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत कूलर असेल तर मागचा आस आधीच भरलेला असतो. दाराच्या खांबावरच्या लेबलवर आसाची मर्यादा असते, ती वाचा. भरल्या गाडीसाठी मागच्या टायरांना वेगळा दाब दिला असेल तर तेवढी हवा भरा.

मग लांबी. जुनी सुपरजेट २२४ सेंटीमीटर, मध्यम एसयूव्ही १९२ च्या आसपास रुंद. कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या राज्यांत प्रवासी गाडीवरचा भार डाव्या फेंडरच्या बाहेर जराही आणि उजव्या फेंडरच्या बाहेर सहा इंचांपेक्षा जास्त येऊ देत नाहीत. आडवी ठेवलेली जेटस्की ३२ सेंटीमीटर, म्हणजे साडेबारा इंच बाहेर येते. अशा राज्यात हा मार्ग बंदच समजा. इतरत्रही आपल्या राज्याचा नियम आधी बघा. लांबीच्या दिशेने, नाक गाडीकडे करून ठेवली तर रुंदीचा प्रश्न सुटतो, पण तरफ इतकी लांबते की रिसीव्हर वाकतो. तसं करू नका.

एवढ्यातून पार पडलात तर रॅक तयार करा. मोटरसायकलची पन्हळ काढून तिथे २×६ इंची दोन फळ्या बोल्टने बसवा, त्यांवर बोटीच्या ट्रेलरचा कार्पेट ताणून स्टेनलेस स्टेपलने ठोका. फळ्यांमधलं अंतर जेटस्की उलटी न करता, तिच्या तळाचं माप घेऊन ठरवा : वजन हलच्या सपाट भागावर यावं, तळाची पाणी ओढायची जाळी (इनटेक ग्रेट), तिच्यामागची पट्टी (राइड प्लेट) आणि मागचा नोझल मोकळा राहावा. दुसरं माप तोल-बिंदूचं. इंजिन पुढे असल्यामुळे तो लांबीच्या बरोबर मध्यावर येत नाही. जेटस्की आडव्या गोल पाइपवर तोलून बघा, जिथे ती स्थिर राहील तिथे टेप लावा, आणि ती टेप रिसीव्हरच्या नळीच्या थेट वर आणा. हे न केल्यास एका बाजूचं वजन दर धक्क्याला रॅक पिळत राहतं आणि काही महिन्यांत वेल्डला चिरा जातात. रॅक डुगडुगत असेल तर रॅक रिसीव्हरला घट्ट आवळणारा हिच टाइटनर लावाच.

चढवताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून. वाळूवरची ढकलगाडी उजवीकडून, फळ्यांच्या रेषेत आणा. एकाने नाक उचलून फळीच्या टोकावर टेकवायचं, दुसऱ्याने मागून उचलून सरकवायचं. कार्पेट पाण्याने ओला केला की पुरे. सिलिकॉन फवारलात तर नंतर पट्ट्याखालूनही ती सरकेल.

पट्टे चार, इंचभर रुंदीचे, प्रत्येकी ५०० पौंड कामाच्या भाराचे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला १,५०० हा तुटण्याचा भार असतो. एक पट्टा नाकाच्या कडीतून, दोन उभं राहायच्या ट्रेवरून कडेला पॅड देऊन, चौथा मागच्या टोकाला. हॅन्डलपोल खाली बांधा, पण जेटस्की त्याच्या जोरावर धरू नका; तो बिजागरीवर हलतो. रॅचेट जोरात आवळत गेलात तर हलच्या कडेला तडा जातो. गाडी हलवली की जेटस्की आणि रॅक एकत्र हलले पाहिजेत, तेवढंच आवळा. पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यात गुणगुणणार नाही.

गाडीचा सायलेन्सर विसरला जातो, आणि नुकसान तिथेच होतं. धुराड्याचं तोंड रॅकच्या खाली येत असेल तर गरम हवा पट्टा वितळवते आणि हल फुगवते. तोंड खाली वळवणारी नळी बसवा. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाते, म्हणून चार तारांच्या कनेक्टरवर चालणारी लाइट-पट्टी आणि प्लेटची दिव्यासकट वेगळी जागा लागते. मागचा ऑटो-ब्रेक बंद करा, नाहीतर रिव्हर्समध्ये गाडी रॅकलाच अडथळा समजून थांबेल.

निघण्याआधी हलमधलं पाणी काढा आणि इनटेकमधलं शेवाळ उपसा. मिनेसोटात बुच असेल तर ते काढूनच वाहतूक करावी लागते. पहिल्या पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढा, कारण तोवर कार्पेट दबलेला असतो. वेग ताशी ९० किलोमीटरच्या आत, गतिरोधकावर चालण्याच्या गतीने. खाऱ्या पाण्यातून परतलात तर पिन आणि रिसीव्हर गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस लावा.

गणितात कुठेही काठावर असाल तर ४×८ फुटांचा छोटा ट्रेलर घ्या. त्याच जेटस्कीसाठी हिचवर फक्त तीस-चाळीस किलो येतात, आणि दुमडून भिंतीला उभे राहणारे ट्रेलर एका पार्किंगच्या कोपऱ्यातही मावतात.