सांता क्लारा काउंटीत नवीन आलात? पाणी कोण चालवतं ते एकदा समजून घ्या

कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीत नव्याने येणारी मंडळी शाळांचे रेटिंग, क्रेडिट हिस्ट्री, गाडीचा विमा यांची माहिती विमानात बसायच्या आधीच काढून ठेवतात. पाण्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. चोवीस तास नळ वाहतोय, गच्चीवर टाकी नाही, मोटर लावायची नाही, टँकर नाही, मग विचारायचं तरी काय? अपार्टमेंटमध्ये असाल तर पाण्याचा आकडा भाड्याबरोबरच कापला जातो आणि विषय तिथेच संपतो. घर घेतल्यावर तो पुन्हा निघतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

इथे तुमच्या नळाला पाणी देणारा वेगळा आणि त्याला पाणी देणारा वेगळा. वरचा घाऊक व्यवहार सांता क्लारा व्हॅली वॉटर डिस्ट्रिक्टकडे आहे. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, पाण्यापुरती वेगळी सरकारी संस्था. 2019 पासून ते स्वतःला व्हॅली वॉटर म्हणवतात. त्यांच्याखाली 13 किरकोळ पुरवठादार. सनीव्हेल, सांता क्लारा, मिलपिटास इथे शहरच पाणी विकतं, तर सॅन होजेच्या मोठ्या भागात सॅन होजे वॉटर ही खासगी कंपनी. तिचे दर सिटी कौन्सिल नाही, राज्याचं पब्लिक युटिलिटीज कमिशन मंजूर करतं. उत्तरेकडच्या काही शहरांना शिवाय सॅन फ्रान्सिस्कोकडून ‘हेच हेची’ नावाच्या जलाशयाचं पाणी मिळतं. ते मऊ असतं, भूजल जड. एका घरात डाळ पटकन शिजते आणि दुसऱ्या घरात किटलीला पांढरा थर धरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता कायद्याकडे. एकेकाळी हे खोरं फळबागांचं होतं आणि विहिरींतून इतका उपसा झाला की पाण्याची पातळी खाली गेली, पाठोपाठ जमीनही खचली. सॅन होजेच्या मध्यभागी विसाव्या शतकात ती सुमारे 13 फूट खाली बसली. हा उपसा भरून काढायला 1929 मध्ये मतदारांनी जलसंधारणाचा पहिला डिस्ट्रिक्ट उभा केला. पूरनियंत्रणासाठी 1951 मध्ये काउंटीचा वेगळा डिस्ट्रिक्ट आला आणि 1968 मध्ये दोन्ही एकत्र झाले. ही संस्था राज्याच्या स्वतंत्र कायद्याने चालते, त्यामुळे तिचा कारभार बदलायचा तर विधेयक राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोलाच मांडावं लागतं.

बराच काळ बोर्डावर पाच सदस्य निवडून येत आणि दोन जणांना काउंटीचा कारभार बघणारे सुपरवायझर नेमत. वर बजेटलाही काउंटीची मंजुरी लागे. बजेटवरचा तो ताबा 2006 च्या कायद्याने गेला. पाठोपाठ 2009 मध्ये आमदार जो कोटो यांचं एबी 466 हे विधेयक मंजूर झालं आणि नेमणुका बंद झाल्या. आता सात विभाग, सात सदस्य, सगळे निवडून आलेले, प्रत्येकाची मुदत चार वर्षं. ही दुरुस्ती मला योग्य वाटते. दर वाढला की कोणाला जाब विचारायचा, याचं उत्तर आता एकाच माणसावर येऊन थांबतं. तुमचा पत्ता कोणत्या विभागात येतो, ते व्हॅली वॉटरच्या नकाशावर आजच बघून घ्या.

अर्थात निवडून आलेले लोक स्वतःची सोयही बघतात. जून 2022 मध्ये मेझर ए, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, आलं. सदस्यांना सलग चार मुदतींची ‘मर्यादा’ घालायची का, असा साधारण प्रश्न. आधीची मर्यादा तीनच होती, म्हणजे प्रत्यक्षात ती वाढत होती. शब्दरचनेवर ओरड झाली, पण ते जेमतेम मतांनी पास झालं. म्हणून मतपत्रिका सावकाश वाचावी.

घर घेतलेल्यांनी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात ‘सेफ, क्लीन वॉटर’ची ओळ शोधावी. 2020 च्या मेझर एस नंतर या पार्सल टॅक्सला, म्हणजे प्रत्येक मिळकतीवरच्या कराला, शेवटची तारीखच राहिलेली नाही, मतदार रद्द करेपर्यंत तो चालू राहणार. वर्षाच्या पूर्वार्धात घाऊक दरांची सुनावणी होते, नवे दर 1 जुलैपासून लागतात आणि पुढे तुमच्या बिलात झिरपतात.

आता खरी अडचण. एच-वन-बीवर असाल तर मत नाही, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आपल्यातल्या अनेकांची निम्मी नोकरी सरते. पण सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. 1953 च्या ब्राउन ॲक्ट या खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे नेहमीच्या सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो, कोणालाही बोलू द्यावं लागतं आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. व्हॅली वॉटरच्या सभा सॅन होजेत अल्माडेन एक्स्प्रेसवेवरच्या कार्यालयात मंगळवारी भरतात. दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा प्रस्तावना टाळा, ‘मी अमुक विभागात राहतो’ एवढं सांगून थेट मुद्द्यावर या. आपल्याकडे नगरसेवकाच्या दारात जाऊन जसं बोलतो तसं इथे चालत नाही. आवाज चढला की ऐकणाऱ्यांचे कान बंद होतात.

शहराकडून पाणी घेत असाल तर दरवाढीआधी टपालाने एक नोटीस येते. ती जाहिरात समजून फेकू नका. प्रपोझिशन 218 या राज्याच्या नियमानुसार सुनावणीआधी 45 दिवस ती पाठवावीच लागते आणि निम्म्याहून जास्त मिळकतींकडून लेखी हरकत आली तर दरवाढ थांबते. पाण्याचं बिल थेट तुमच्या नावाने येत असेल तर भाडेकरू म्हणूनही हरकत नोंदवता येते. सॅन होजे वॉटरच्या ग्राहकांना मात्र हा मार्ग नाही, त्यांनी कमिशनकडेच लिहायचं.

हिरवळ काढून कमी पाण्याची झाडं लावायला व्हॅली वॉटर पैसे देतं, पण अर्ज मंजूर झाल्यावरच कुदळ हातात घ्या. आधी उकरलंत तर एक डॉलर मिळणार नाही.

फ्रीमाँट, न्यूअर्क किंवा युनियन सिटीत उतरला असाल तर यातलं व्हॅली वॉटरपुरतं सगळं विसरा. तिकडे 1914 पासूनचा अलमेडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट आहे, तो पाणी थेट घरापर्यंत देतो आणि त्याचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं. ब्राउन ॲक्ट आणि 218 मात्र तिथेही तसेच लागू.