शहरासाठीची सूचना महापालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत कशी न्यावी

कोल्हापूरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या आसपास होती. एवढ्या शहरात सूचनांची वाण कधीच नसते. पदपथ मोकळे करा, केएमटीच्या (महापालिकेच्या शहर बससेवेच्या) फेऱ्या वाढवा, जयंती नाल्याचे सांडपाणी पंचगंगेत जाऊ देऊ नका, रंकाळ्याच्या काठावर बसायला सावली करा, अशी मागणी कोणत्याही पेठेतला माणूस उभ्या उभ्या करील आणि त्यातली बहुतेक मागणी रास्तच असेल. तरीही यांतील फार थोड्या सूचना कागदावर येतात आणि ज्या येतात त्या 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात. याचे मुख्य कारण असे की, महापालिका काम मंजूर करते आणि कामाला नेमकी जागा, मोजमाप, जबाबदार विभाग आणि खर्चाचे लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील ज्या नोंदीखाली खर्च टाकायचा ती) लागते. आपली सूचना या चार गोष्टींसह मांडण्याची तयारी नागरिकांनी स्वतः केली, तर ती नाकारणे अवघड होते. ही तयारी कशी करावी, हे कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून येथे सांगितले आहे. सांगली, सोलापूर, अकोला किंवा लातूर येथेही कार्यपद्धती जवळपास हीच आहे, कारण या सर्व शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 हाच कायदा लागू आहे.

जागा आणि मालकी

सुरुवात एका जागेपासून करावी. 'शहरातील पदपथ सुधारावेत' ही मागणी कोणत्याही अभियंत्याला हातात घेता येत नाही. 'अमुक शाळेच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंतचा पदपथ' ही घेता येते. जागा ठरली की ती कोणाच्या ताब्यात आहे हे शोधावे. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर काही राष्ट्रीय महामार्गाचा भाग असतात. डीपी (वीजवितरणाच्या पेट्या) आणि विजेच्या तारा महावितरणच्या, पण रस्त्यावरचे दिवे महापालिकेचे. एकेरी वाहतूक आणि वाहने उभी करण्याचे नियम ठरवताना पोलिसांच्या वाहतूक शाखेचा संबंध येतो. एसटी स्थानकाचे आवार परिवहन महामंडळाचे असते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज अनेकदा फेटाळलाही जात नाही, तो नुसता पडून राहतो आणि अर्जदार मात्र उत्तराची वाट पाहत बसतो.

कोल्हापूर महापालिकेची गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. आपला भाग ज्या कार्यालयाकडे येतो तेथील कनिष्ठ अभियंत्याला आधी भेटून, रस्ता कोणाचा आहे आणि त्याच ठिकाणी एखादे काम आधीच मंजूर आहे का, हे विचारावे. जलवाहिनी किंवा ड्रेनेजचे काम येऊ घातले असेल, तर त्याआधी पदपथ मागणे म्हणजे तो दोनदा खोदायला लावणे होय.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर कलम 66 मध्ये तिच्या इच्छेवर सोडलेली कामे आहेत. आपली मागणी पहिल्या गटात बसत असेल, तर तसे अर्जात स्पष्ट लिहावे. कर्तव्य म्हणून मागितलेल्या कामाला 'निधी उपलब्ध झाल्यावर पाहू' हे उत्तर देणे कार्यालयाला तितके सोपे जात नाही.

मोजमाप

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. शाळेसमोरच्या पदपथाचेच उदाहरण घेऊ. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघांनी मोजपट्टी, वही आणि मोबाईल घेऊन ती लांबी चालत जावी आणि दर दहा पावलांवर थांबून चालायला प्रत्यक्षात किती रुंदी मोकळी आहे ते मोजावे. कडेपासून कडेपर्यंतची रुंदी येथे कामाची नाही. खांब, फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी), दुकानाची वर आलेली पायरी, उभी केलेली दुचाकी हे सारे वजा करून जे उरते तेच लिहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार (आयआरसी 103) निवासी भागात किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. वहीत कोठे 70 सेंटिमीटर, कोठे 40 आणि कोठे शून्य असे आकडे येऊ लागले, की अर्जातील 'अतिशय गैरसोय होते' हे वाक्य लिहिण्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर शाळा सुटण्याच्या वेळी पंधरा मिनिटे उभे राहून किती मुले पदपथावरून जातात आणि किती रस्त्यावर उतरतात ते मोजावे. पावसाळ्यात पाणी कोठे साचते त्याची छायाचित्रे त्याच वेळी काढून ठेवावीत, कारण अर्ज करण्याच्या सुमारास ते साचलेले नसते. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ आणि जवळची खूण लिहावी. गतिरोधक मागायचा असेल तर तो मापात मागावा: आयआरसीच्या शिफारशीत गोलाकार गतिरोधकाची रुंदी 3.7 मीटर आणि उंची 10 सेंटिमीटर आहे. आपल्याकडे रातोरात उभे राहणारे अरुंद उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात आणि दुचाकीवर मागे बसलेल्या वृद्धांना त्यांचा त्रास अपघाताइतकाच होतो.

ज्यांना या कामाची झळ बसेल त्यांच्याशी बोलणे हाही मोजमापाचाच भाग समजावा. कोल्हापुरात बैठक म्हटली की ती तालमीत किंवा तरुण मंडळाच्या जागेत भरते. तेथे माणसे जमतात, निर्णयही होतो, पण स्त्रिया क्वचितच येतात आणि आल्या तरी मागे बसतात. शाळेत मुलांना सोडणारी आई, भल्या पहाटे पाणी भरणारी बाई, काठी टेकत दवाखान्यात जाणारे आजोबा यांना त्यांच्या दारात जाऊन विचारावे. अंधार कोठे असतो आणि घंटागाडी किती वाजता चुकते हे त्यांनाच नेमके माहीत असते. पदपथावर बसणाऱ्या विक्रेत्यांशीही आधीच बोलावे. पथविक्रेता कायदा, 2014 नुसार त्यांना जागा नेमून देण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांना हुसकावण्याची मागणी करणारा अर्ज न्याय्य नसतो आणि टिकतही नाही. त्याच रस्त्यावर त्यांची सोय कोठे होऊ शकते हे दाखवणारा अर्ज टिकतो.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा आणि एका अर्जात एकच काम असावे. रस्ता, कचरा, पाणी आणि मोकाट कुत्री एकाच अर्जात घातली तर तो चार विभागांत फिरतो आणि एकाचीही जबाबदारी ठरत नाही. मजकूर साधारण असा असावा:

'प्रति, मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका. विषय: अमुक शाळा ते अमुक चौक या लांबीतील पदपथाची दुरुस्ती व अडथळे हटवणे. महोदय, वरील 180 मीटर लांबीच्या पदपथाची आम्ही अमुक तारखेस मोजणी केली असून अकरा ठिकाणी मोकळी रुंदी एक मीटरपेक्षा कमी आहे. तक्ता व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या लांबीची स्थळपाहणी करून पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद करावी आणि स्थळपाहणीची तारीख आम्हास कळवावी, ही विनंती.'

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. 'कार्यवाही व्हावी' या विनंतीला मुदत नसते. तारीख मागितली की पुढच्या भेटीत विचारायला काहीतरी ठोस हातात राहते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आवक विभागात एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडावे. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजावे. सह्या घ्याव्यात, पण शंभर सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा त्याच गल्लीतील पत्त्यांसह घेतलेल्या वीस सह्या अधिक उपयोगी पडतात.

वेळ

आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि त्याचे अंदाजपत्रक आधीच्या हिवाळ्यात तयार होऊ लागते. विभाग आपापल्या मागण्या पाठवतात, आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात आणि समितीच्या फेरफारांनंतर ते महासभेपुढे, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेपुढे, जाते. नगरसेवक नसून प्रशासक असताना हे सारे अधिकार एकाच ठिकाणी येतात. तेव्हा सूचना थेट आयुक्तांच्या भेटीत द्यावी लागते. फेब्रुवारीत जाग येऊन केलेला अर्ज बहुधा एक वर्ष पुढे जातो. त्यामुळे पावसाळ्यात पाहणी, गणपतीनंतर अर्ज आणि दिवाळीच्या आत स्थळपाहणी हा क्रम ठेवावा. पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांकडून विहित अर्जावर कामे मागवण्याची पद्धत सुरू केली आणि तेथे एका कामासाठी पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवली. आपल्या शहरात अशी पद्धत नसली तरी ही मर्यादा स्वतःहून पाळणे शहाणपणाचे आहे, कारण लहान काम विभागाच्या चालू तरतुदीतूनही होऊ शकते आणि मोठ्या कामाला राज्य शासनाच्या योजनेची वाट पाहावी लागते.

काही सूचनांना अंदाजपत्रक लागतच नाही आणि नव्या गटाने तेथूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन. घंटागाडीची वेळ अर्ध्या तासाने बदलणे, पाणी सोडण्याची वेळ आदल्या दिवशी कळवणे, केएमटीची एक फेरी शाळेच्या वेळेशी जुळवणे, बागेचे फाटक सकाळी लवकर उघडणे, यांसाठी विभागप्रमुखाची एक सही पुरते. असे एक काम झाले की शेजारपाजारचे लोक पुढच्या कामासाठी आपणहून येतात.

पाठपुरावा

अर्ज दिल्यानंतर काम स्थळपाहणी, त्या कामाच्या खर्चाचा अंदाज, तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी, निविदा आणि कार्यारंभ आदेश या क्रमाने पुढे सरकते. प्रत्येक भेटीत 'आमच्या कामाचे काय झाले' असे न विचारता 'फाईल यांतील कोणत्या टप्प्यावर आणि कोणाकडे आहे' असे विचारावे आणि उत्तर तारखेसह वहीत लिहावे. भेटीला शक्यतो दोघांनी जावे. कनिष्ठ अभियंत्यावर अनेक प्रभागांचा भार असतो. त्याच्याशी आवाज चढवून बोलल्याने फाईल पुढे जात नाही, आपण केलेला तक्ता त्याच्या टिपणीला जोडायला दिला तर मात्र जाते.

महिना-दोन महिने उत्तर न आल्यास दोन मार्ग आहेत. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याचा विहित अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून चौकशी लवकर करावी. दुसरा मार्ग माहिती अधिकार कायदा, 2005 चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत अर्ज करावा आणि त्यात 'आवक क्रमांक अमुक या अर्जावरील टिपण्यांच्या प्रती' मागाव्यात. 'काम का झाले नाही' असे विचारू नये. नोंदीत असलेलीच माहिती मिळते, स्पष्टीकरण मिळत नाही. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे आणि ते न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते.

काम सुरू झाल्यावर त्याच माहिती अधिकार कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. कार्यारंभ आदेशाची प्रत घेऊन त्यातील लांबी, जाडी आणि दोष दायित्व कालावधी पाहावा. हा कालावधी संपेपर्यंत खचलेली फरशी किंवा उखडलेला थर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, पण ती मुदत कधी संपते हे गल्लीत कोणालाच माहीत नसते. ती तारीख वहीत लिहून ठेवावी, तिच्या दोन महिने आधी मोजपट्टी घेऊन तीच लांबी पुन्हा चालून यावे आणि जे दोष आढळतील त्यांचा लेखी अर्ज, पोच घेऊन, मुदतीच्या आत द्यावा.