ठाण्यात जुन्या वाटा शोधताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी खडू. शिलालेख दिसला की कोणीतरी बॅगेतून खडू, पीठ नाहीतर रांगोळी काढतं आणि अक्षरं भरायला लागतं, फोटो छान येतो म्हणून. आमच्याच ग्रुपने भिवंडीकडच्या एका गावात गधेगळीवर, म्हणजे शिवी कोरलेल्या जुन्या दानाच्या दगडावर, हे केलं होतं, वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली बाई आणि गाढव, आणि मधल्या ओळीत जिथे दगडाचा टवका उडाला होता तिथेही आम्ही रेघ भरली, नंतर फोटो बघणारे ती रेघ मात्रा म्हणून वाचत बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. अक्षरं वाचायला खडू लागतच नाही हो, संध्याकाळी अंधार पडताना जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, खाचांत सावली पडते आणि अक्षर आपोआप उठतं. चार बाजूंनी चार फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा.

दुसरं म्हणजे दगड हलवणं. "इथे उन्हातान्हात पडलाय, देवळात नेऊन ठेवू" असं प्रेमानेच म्हणतात लोक, पण गधेगळ हा जमिनीच्या दानाचा दगड, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे ती, त्यामुळे तो कुठल्या बांधावर उभा आहे हीच निम्मी माहिती असते. हलवला की गेली. लोकेशन आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहून घ्या, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

वाट चुकते ती बहुतेक वेळा आजच्या डांबरी रोडवरून जुनी वाट आखल्यामुळे. घोडबंदर, नागला बंदर, कोलशेत, ही नावं नीट बघा ना, ही सगळी खाडीकाठची गावं, माल आधी पाण्यातून यायचा आणि मग वर चढायचा. म्हणून आधी बंदर शोधा, मग तिथून पायवाट कुठे निघते ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण "इथून भुयार कुठे जातं?" असं नको, समोरचा आपलं मन राखायला भुयार सांगतोच. "काका, पूर्वी बाजाराला कुठून जायचात?" एवढं विचारा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास खाडीकाठी जाणार असाल तर आधी कोळीवाड्यात भरतीची वेळ विचारून घ्या. उधाणात खारफुटीतली वाट बघता बघता पाण्याखाली जाते.

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं जेल. आत जाता येत नाही आणि भिंतीजवळ कॅमेरा काढून उभं राहू नका.

आणि प्रत्येक पडक्या भिंतीला शिवकालीन म्हणू नका प्लीज. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 ला मराठ्यांनी जिंकला, 1774 ला इंग्रजांनी घेतला. शिलाहार राजांचं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणं, तर त्याच्याही कितीतरी आधीचं. काळ माहीत नसेल तर वहीत "काळ माहीत नाही" असं लिहा आणि वीट, चुना, दगडाची घडण यांचे जवळून फोटो घ्या, पुढे जाणकार माणूस भेटला की तेच त्याच्यासमोर ठेवता येतात.