गावात इलेक्ट्रिक गाड्यांचा मेळावा घेताय? आधी या चुका टाळा

मंडप लागतो, सरपंचांचं भाषण होतं, चार स्कूटर ओळीने उभ्या राहतात. भरदुपारी कोणीतरी म्हणतं, "भाऊ, चार्जर लावून दाखवा ना." चार्जर लावला की लाल दिवा लागतो. पुढे वर्षभर पारावर एकच वाक्य फिरतं, "ते चार्जच होत नाही ना बाप्पा." गाडीत बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. चूक वेळेची, सॉकेटची किंवा वायरची असते.

तारीख आणि वेळ

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा सुरू असताना मेळावा ठेवला तर समोर शाळेची पोरंच बसतात. तूर घरात आल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, लोकांना सवड असते. आठवडी बाजाराचा दिवस चांगला, पण गाड्या बाजाराच्या वाटेवर लावा, आत भाजीच्या गर्दीत नको. वेळ सकाळी आठ ते अकरा. पत्रिकेत दहा छापलं की कार्यक्रम बाराला सुरू होतो, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल-मेमध्ये तर बाराच्या आत आवराच. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून वर. लिथियम बॅटरीचे सेल साधारण ४५ अंशांच्या पुढे तापले की आतलं नियंत्रण सर्किट (बीएमएस) चार्जिंग मंदावतं किंवा थांबवतं. बॅटरी वाचवण्यासाठीच ते केलेलं असतं, पण बघणाऱ्याला गाडी बिघडलेली वाटते. चक्कर मारून आलेली गाडी कडुनिंबाखाली अर्धा तास उभी करा, मगच चार्जरला लावा.

वीज: सगळ्यात जास्त घोळ इथेच

मंडपासाठी तारेवर आकडा टाकायची सवय इथे चालणार नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ती चोरी आहे, आणि आकड्याच्या विजेला अर्थिंगही नसतं. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मीटरवरून लेखी परवानगीने वीज घ्या, नाहीतर महावितरणकडून तात्पुरती जोडणी. शेतीपंपाच्या फीडरला (उपकेंद्रातून येणाऱ्या लाइनला) पाळीने वीज मिळते, त्यामुळे जागा गावठाण फीडरवर आहे ना, हे आणि त्या दिवशी देखभालीसाठी लाइन बंद राहणार आहे का, हे लाइनमनला आधीच विचारा.

मग भाराचा हिशोब. स्कूटरचा चार्जर साधारण ७०० ते ८५० वॅटचा. चार एकदम लावले तर सव्वातीन किलोवॅट, म्हणजे १४ अँपिअर. त्यात कूलर आणि साउंड सिस्टिम धरली की शाळेचा एमसीबी पडतो. दोनच चार्जर लावा आणि साउंडची लाइन वेगळी घ्या. चार्जरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन कोरची केबल, १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच). केबल रिळावर असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापून वितळते.

अर्थिंग आदल्या दिवशीच तपासा, आणि ते काम वायरमनलाच करू द्या. मल्टीमीटरने तीन मोजमापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी, २३० च्या आसपास यावीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ शून्य दाखवत असेल किंवा आकडा उड्या मारत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थच्या सळीभोवती पोकळी होते आणि रोध वाढतो. खड्ड्यात आदल्या रात्रीपासून दोन-तीन बादल्या पाणी मुरवा, पुन्हा मोजा.

एक जुगाड मात्र कोणालाही करू देऊ नका. अर्थ नाही म्हणून सॉकेटच्या मोठ्या पिनला न्यूट्रलचाच तुकडा जोडतात. चार्जरचा दिवा हिरवा होतो, पण मागे न्यूट्रल तुटला की गाडीचं अख्खं धातूचं अंग करंट मारतं.

भाड्याच्या लहान जनरेटरवर भिस्त नको. व्होल्टेज डुलतं, आणि बऱ्याच जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अर्थ तपासणारा कारचा चार्जर अशा वेळी सुरूच होत नाही.

चक्कर मारायला देताना

मेळाव्यातला नेहमीचा अपघात उभ्या गाडीवर होतो. इंजिनाचा आवाज नाही, म्हणून गाडी बंद आहे असं समजून फोटोसाठी बसलेला माणूस मूठ पिळतो आणि गाडी थेट खुर्च्यांत शिरते. उपाय सोपा आहे. चावी एकाच माणसाच्या खिशात, बघायला ठेवलेली गाडी बंद आणि साइड स्टँडवर. चालवायला देताना सगळ्यात हळू मोड लावा. शंभर-दोनशे मीटरचा सरळ तुकडा दोरीने बंद करा, दोन्ही टोकांना माणूस उभा करा. बैलांना आणि पोरांना मागून आलेली गाडी ऐकूच येत नाही. हेल्मेट द्या, लायसन्स बघा, आणि विक्रेत्याच्या गाडीचा विमा व नोंदणी किंवा ट्रेड सर्टिफिकेट (बिननोंदणीची गाडी चालवून दाखवायचा विक्रेत्याचा परवाना) आधी तपासा.

"याला लायसन लागत नाही" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला मोटरचे वॅट विचारा. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तरच ती सूट आहे. वेगाचं बंधन काढून दिलेली गाडी त्यात बसत नाही.

आणि एकट्याला रिकाम्या गाडीवर फिरवून काही सिद्ध होत नाही. गावाचा प्रश्न असतो, चढावर डबल सीट आणि पुढे खताची गोणी घेईल का? युरियाची गोणी ४५ किलोची. माहितीपत्रकातली वजनाची मर्यादा बघा, तेवढ्यात बसत असेल तर गोणी ठेवूनच जवळच्या चढावर नेऊन दाखवा. बसत नसेल तर तसं सांगा.

खर्च आणि रेंज: तोंडी आकडे फेकू नका

प्रमाणपत्रावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, ठरावीक चाचणीतली असते. रस्त्यावर साधारण पाऊणपट धरा, दोघं बसले तर आणखी कमी. खर्चासाठी प्लगमध्ये बसणारा साधा युनिट मीटर आणा. सकाळी सगळ्यांसमोर गाडीची टक्केवारी लिहा, वीस किलोमीटर फिरवून आणा, आणि तेवढीच टक्केवारी होईस्तोवर मीटरवरून चार्ज करा. पाऊण-एक युनिटच्या आसपास आकडा येतो. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर तेवढ्या अंतराला वीज दोन युनिटच्या आत-बाहेर लागते. भाव ज्याने त्याने आपल्या बिलावरून लावावा, कारण घरगुती दर टप्प्याने बदलतो. गाडी आणताना शंभर टक्के चार्ज करून आणू नका, नाहीतर चार्जिंग दाखवायला जागाच उरत नाही.

"तालुक्याला चार्जिंग स्टेशन आहे" हेही जपून बोला. कारची सीसीएस-२ गन (जलद चार्जिंगचा प्लग) स्कूटरला बसत नाही.

अनुदानाचा बॅनर

मागच्या वर्षीचा बॅनर पुन्हा लावू नका. ई-गाड्यांच्या अनुदानाची केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. पीएम ई-ड्राइव्ह १ ऑक्टोबर २०२४ पासून आली. तिच्यात दुचाकीला पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॅट-तास क्षमतेला ५,००० रुपये होते, एप्रिल २०२५ पासून ते निम्मे झाले. आता अनुदान मिळतं का आणि किती, हे विक्रेत्याकडून त्या आठवड्यात लेखी घ्या आणि फळ्यावर खडूने लिहा.

पंक्चरवाल्याला न बोलावणं

पाहुण्यांच्या यादीत आमदार असतात, गावचा पंक्चरवाला नसतो. मागच्या चाकातच मोटर असलेल्या गाडीचं चाक खोलायला तो घाबरतो, कारण आसातून जाड वायर निघते. ट्यूबलेस टायरला चाक न खोलता पट्टी मारता येते, हे त्याच्याच हातून करून दाखवा. सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं किंवा किती किलोमीटर, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळते, हे विक्रेत्याला माइकवर बोलायला लावा.

घरी चार्ज कुठे करायचं, हे न सांगणं

वेच्यानंतर अर्ध्या घरात कापूस, मागच्या बाजूला कुटार आणि पऱ्हाट्यांचा ढीग. अशा खोलीत रात्रभर चार्जर लावणं धोक्याचं आहे. ठिणगी बॅटरीतूनच यायला हवी असं नाही, सैल सॉकेटही पुरतं. ओसरीत किंवा पक्क्या भिंतीलगत वेगळं सॉकेट घ्या आणि जाण्या-येण्याची वाट गाडीने अडवू नका. बॅटरीतून धूर निघाला तर जवळ जाऊ नका, तो विषारी असतो. मेन स्विच बंद करा आणि लांबून भरपूर पाणी मारा. एखाद-दुसऱ्या घमेल्यातल्या मातीने ती आग विझत नाही, सेल आतून पुन्हा पेटतात.

मंडप उतरवताना नावांची वही विक्रेत्याकडे देऊन मोकळे होऊ नका. पुढच्या बाजाराला तोच माणूस, तीच गाडी आणि तोच युनिट मीटर घेऊन दोन तास बसायला सांगा. पहिल्या दिवशी लाजून मागे राहिलेले, विशेषतः बचतगटातल्या बाया, तेव्हा खऱ्या चौकशीला येतात.